घराचे अपघाती नुकसान आणि आयकर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापाशी पाणीपातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की कोल्हापुरातील अनेक घरांत सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते, आणि पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून परत पात्रात गेले की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. ‘झालेल्या नुकसानीची वजावट आयकरात मिळेल का?’ हा प्रश्न २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानंतर आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला गेला. पुराशिवायही घरे जळतात, टाक्या फुटतात, भिंती पडतात, आणि त्या प्रत्येक वेळी घरधन्याच्या मनात हाच प्रश्न येतो. म्हणून या वेळी एकाच विषयावरील पाच पत्रे निवडली आहेत. उत्तरांत दिलेले कलमांचे क्रमांक आयकर कायदा, १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक बदलतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नागाळा पार्क येथे स्वतःच्या बंगलीत राहते. मार्च महिन्यात मध्यरात्री गच्चीवरील पाण्याची टाकी फुटली. जिन्यातून पाणी आत आले, दोन खोल्यांच्या छताचा गिलावा पडला, लाकडी कपाटे फुगून त्यांची दारे लागेनाशी झाली. दुरुस्तीसाठी दागिने तारण ठेवून पतसंस्थेतून कर्ज घेतले आणि त्यावर या वर्षात २७,००० रुपये व्याज भरले. माझी मुलगी अमेरिकेत असते. तिचे म्हणणे असे की, तिकडे घराच्या अपघाती नुकसानीची वजावट मिळते, तर आपल्याकडेही मिळत असणारच. माझे निवृत्तिवेतन वर्षाला साडेसहा लाख रुपये आहे. मला नेमके काय मागता येईल?

उत्तर : प्रथम आपल्या कन्येच्या म्हणण्याविषयी लिहितो, कारण परदेशातील नातलगांकडून ऐकलेल्या नियमांवर विसंबून विवरणपत्रात चुकीची रक्कम लिहिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. अमेरिकेच्या करकायद्यात अपघाती नुकसानीची वजावट आहे, हे खरे आहे. नुकसान अचानक, अनपेक्षितपणे आणि नेहमीपेक्षा वेगळ्या कारणाने झालेले असावे लागते. वाळवीने हळूहळू पोखरलेली चौकट किंवा वर्षानुवर्षे झिरपून कुजलेले छत त्यात बसत नाही. परंतु २०१७ च्या करसुधारणेनंतर, म्हणजे २०१८ या वर्षापासून, राहत्या घराच्या अशा नुकसानीची वजावट ते नुकसान केंद्र सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीमुळे झाले असेल तरच मिळते. २०२६ पासून काही अटींवर राज्यांनी जाहीर केलेल्या आपत्तींचाही त्यात समावेश झाला आहे. तेथेही घराची हिशेबी किंमत (खरेदी व त्यानंतरच्या सुधारणांचा खर्च धरून काढलेली) आणि बाजारभावात झालेली घट यांतील कमी रक्कम घ्यायची, त्यातून विम्याची भरपाई वजा करायची, नंतर प्रत्येक घटनेमागे १०० डॉलर आणि एकूण समायोजित उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम वजा करायची, आणि त्यानंतर काही उरले तर सर्वसाधारणपणे ठोक वजावट सोडून खर्चनिहाय वजावट घेणाऱ्या करदात्यालाच त्याचा उपयोग होतो. म्हणजे नुसती टाकी फुटल्याने झालेले नुकसान आज अमेरिकेतील घरमालकालाही सहसा वजा करता येत नाही. कोल्हापुरातील घर कन्येच्या नावावर असते, तरी येथील दुर्घटनेला अमेरिकी सरकारची आपत्ती-घोषणा लागू होत नसल्याने तिला तेथील विवरणपत्रात हे नुकसान दाखवता आले नसते.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. स्वतःच्या राहत्या घराचे अपघाताने नुकसान झाले म्हणून एकूण उत्पन्नातून ती रक्कम वजा करण्याची कोणतीही तरतूद भारतीय आयकर कायद्यात नाही. यामागील विचार समजून घेतला तर पुढील सर्व उत्तरे सोपी होतील. आयकर हा उत्पन्नावर लागतो आणि वजावट मिळते ती त्या उत्पन्नाशी जोडलेल्या खर्चाला. आपण ज्या घरात राहतो त्याचे वार्षिक मूल्य कायदा शून्य धरतो. ते घर आपल्याला कराच्या दृष्टीने काहीच कमावून देत नाही, म्हणून त्याच्या दुरुस्तीचा खर्चही कोणत्या उत्पन्नासमोर मांडता येत नाही. कलम ८०सी मध्ये घरकर्जाच्या मुद्दलाची फेड बसते, परंतु घर राहायला घेतल्यानंतर केलेली दुरुस्ती, फेरबदल किंवा नूतनीकरण यांचा खर्च त्या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

आपल्यासाठी एकच वाट उरते, ती कर्जाच्या व्याजाची. कलम २४ नुसार घराच्या दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा पुनर्बांधणीसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची राहत्या घराबाबत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. वाचकांना ठाऊक असलेली दोन लाखांची मर्यादा घर विकत घेण्यासाठी किंवा नवे बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाला आहे, दुरुस्तीच्या कर्जाला नाही. आपले कर्ज सोनेतारण आहे म्हणून बाद होते, असे मात्र समजू नये. कर्जाला नाव कोणते दिले आहे यापेक्षा पैसा कोठे खर्च झाला याला महत्त्व आहे. पतसंस्थेने रक्कम दिल्याची तारीख, खात्यातून गवंड्याला आणि सुताराला दिलेल्या रकमा, सिमेंट-वाळूची बिले आणि पतसंस्थेचा व्याजाचा दाखला हे सर्व एका धाग्यात बसत असेल, तर २७,००० रुपयांची मागणी टिकते.

परंतु ती करावी का? ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत राहत्या घराच्या कर्जाचे व्याज वजा होत नाही. आपल्या आकड्यांवर हिशेब करून पाहू. जुन्या प्रणालीत ६,५०,००० रुपयांतून ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि २७,००० रुपयांचे व्याज गेल्यावर ५,७३,००० रुपये उरतात, आणि अन्य कोणतीही गुंतवणूक नसल्यास ज्येष्ठ नागरिक म्हणून आपल्याला उपकरासह २५,५८४ रुपये कर भरावा लागेल. नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे हक्काची वजावट मागायला जाऊन आपण साडेपंचवीस हजार रुपये गमवाल. आमचा स्पष्ट सल्ला असा की, व्याजाचा दाखला फाइलमध्ये ठेवा आणि विवरणपत्र नव्या प्रणालीत भरा.

ज्याची भरपाई करकायद्यात शोधली जाते, ती खरे तर विम्यात असते. विमा नियामकाने आखून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून साधारण विमा कंपन्यांकडून मिळते. त्यात आग, पूर, वादळ, भूस्खलन, दंगल यांबरोबर पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसानही येते. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, इतके घरातील सामान त्यात यादी न देताही धरले जाते. विमा रक्कम काढताना जागेची किंमत मोजायची नसते, तर तेवढे बांधकाम आज पुन्हा उभे करण्याचा खर्च धरायचा असतो. त्यामुळे नागाळा पार्कातील जागेचा भाव ऐकून हप्त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे अशी पॉलिसी असती तर गिलावा आणि कपाटे या दोन्हींची मागणी करता आली असती, आणि दागिने तारण ठेवण्याची वेळ आली नसती. हे लिहिताना वाईट वाटते, पण पुढच्या वर्षासाठी लिहिणे आवश्यक आहे.

प्रश्न : शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ माझ्या मालकीच्या तीन खोल्या आहेत. त्या महिना १२,००० रुपये भाड्याने दिल्या होत्या. पुराचे पाणी शिरल्यावर भाडेकरू गेले आणि चार महिने खोल्या रिकाम्या राहिल्या. फरशी, वायरिंग, रंग यांवर १,८०,००० रुपये खर्च झाले. ही घरे उत्पन्नाची असल्याने हा सर्व खर्च वजा होईल ना?

उत्तर : आपल्या खोल्या उत्पन्न देतात, त्यामुळे आपली स्थिती राहत्या घरापेक्षा बरी आहे, तरी ‘सर्व खर्च’ वजा होणार नाही. भाड्याने दिलेल्या घराबाबत कायदा प्रत्यक्ष दुरुस्ती किती झाली हे विचारतच नाही. वार्षिक भाड्यातून मालकाने भरलेला घरफाळा वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. एखाद्या वर्षी एक खिळाही ठोकला नाही तरी ती मिळते, आणि दोन लाख खर्च झाले तरी तेवढीच मिळते. चांगल्या वर्षांत घेतलेल्या या ३० टक्क्यांतून वाईट वर्षाची सोय करावी, असे कायद्याने गृहीत धरले आहे. पूर पाहिलेल्या घरमालकाला ते अपुरे वाटते आणि आमच्या मते ते खरोखरच अपुरे आहे, परंतु आज नियम तोच आहे.

रिकाम्या महिन्यांचा मात्र पूर्ण लाभ घ्या. घर भाड्याचे असून वर्षाचा काही काळ रिकामे राहिल्यामुळे भाडे कमी मिळाले असेल, तर कलम २३ नुसार प्रत्यक्ष मिळालेले भाडेच वार्षिक मूल्य धरता येते. आपले भाडे बारा महिन्यांचे १,४४,००० रुपये झाले असते. आठ महिन्यांचे ९६,००० रुपये मिळाले. समजा घरफाळा ६,००० रुपये भरला, तर उरले ९०,००० रुपये. त्याच्या ३० टक्के म्हणजे २७,००० रुपये गेल्यावर ६३,००० रुपये करपात्र. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज येथे वजा होते, आणि भाड्याच्या घराला ३०,००० रुपयांची मर्यादा लागू नाही. ४०,००० रुपये व्याज भरले असेल तर करपात्र रक्कम २३,००० रुपयांवर येईल. भाड्याच्या घराचे व्याज नव्या करप्रणालीतही वजा होते. फरक इतकाच की, व्याज जास्त होऊन तोटा आला तर नव्या प्रणालीत तो पगार किंवा व्यवसायाच्या उत्पन्नासमोर मांडता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाख रुपयांपर्यंत मांडता येतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे घरउत्पन्नासमोर ओढता येतो.

घरफाळा थकवू नका, एवढे आग्रहाने सांगतो. तो ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्याच वर्षी वजा होतो. खोल्या रिकाम्या होत्या हे दाखवण्यासाठी वीजबिले पुरेशी बोलकी असतात. चार महिने जवळजवळ शून्य युनिट दाखवणारे बिल कोणत्याही प्रतिज्ञापत्रापेक्षा उपयोगी पडते.

प्रश्न : आमच्या राहत्या घराच्या सोप्यात आम्ही कोल्हापुरी चपला तयार करतो. शॉर्टसर्किटने आग लागून कातडे, तयार जोड, शिलाई यंत्र आणि सोप्याचे छत जळाले. मागचा खोल्यांचा भाग धुराने काळा झाला. विमा नाही. सरकारी मदत थोडी मिळाली. व्यवसायाचे विवरणपत्र आम्ही दरवर्षी कलम ४४एडी प्रमाणे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी भरतो. नुकसान कोठे दाखवायचे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसऱ्या वाक्यात सर्व अडचण आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

व्यवसायाचे नुकसान कायद्याला मान्य असते. विक्रीसाठी ठेवलेले कातडे आणि जोड जळाले तर तो व्यापारातील तोटा आहे. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेची चालू दुरुस्ती कलम ३० खाली, यंत्राची दुरुस्ती कलम ३१ खाली वजा होते. घराचा काही भागच व्यवसायासाठी असेल तर त्या भागाच्या प्रमाणात खर्च घ्यायचा. म्हणजे सोप्याच्या छताची दुरुस्ती येईल, मागच्या खोल्यांचा रंग येणार नाही. एक भेद येथे जपावा लागतो. पडलेला भाग पूर्वीसारखा करणे ही दुरुस्ती. कौले काढून तेथे सिमेंटचा स्लॅब टाकणे ही नवी भांडवली भर, आणि ती दुरुस्ती म्हणून वजा होत नाही, तिच्यावर घसारा, म्हणजे दरवर्षी थोडीथोडी वजावट, मिळतो. जळालेले यंत्र ज्या मालमत्ता-गटात आहे, त्या गटातून विम्याची किंवा भंगाराची मिळालेली रक्कम वजा होते आणि उरलेल्या मूल्यावर घसारा चालू राहतो; यंत्र जळाले म्हणून त्याची संपूर्ण किंमत त्याच वर्षी खर्ची टाकता येत नाही.

पण आपण कलम ४४एडी खाली आहात. त्या कलमात उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के, इतके उत्पन्न गृहीत धरले जाते, आणि सर्व खर्च व नुकसान त्यातच मिळाले असे मानले जाते. त्यानंतर आगीचे नुकसान वेगळे मागता येत नाही. या वर्षी ते मागायचे असेल तर कलम ४४एडी सोडून हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतील, आणि गृहीत टक्क्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवताना एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लेखापरीक्षणही करून घ्यावे लागेल. शिवाय एकदा बाहेर पडल्यावर पुढील पाच वर्षे या सोप्या पद्धतीत परत येता येत नाही. त्यामुळे निर्णय आकडे मांडूनच घ्यावा. आपले एकूण उत्पन्न तसेही करशून्य मर्यादेत असेल तर वजावट मागून हाती काही लागणार नाही आणि पाच वर्षांचा हिशेबाचा भार मात्र येईल. नुकसान काही लाखांचे असून पुढच्या वर्षांत चांगला नफा होण्याची खात्री असेल तर वह्या ठेवून तोटा पुढे ओढणे योग्य ठरेल. व्यवसायाचा तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, परंतु त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरलेले असले पाहिजे.

सरकारी मदतीविषयी : केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडून आपत्तीची भरपाई म्हणून व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळालेली रक्कम कलम १०(१०बीसी) नुसार करमुक्त आहे. पूरग्रस्त कुटुंबांना मिळणारे सानुग्रह अनुदान याच कलमात बसते. त्यात एक अट आहे. त्याच नुकसानीची वजावट आपण घेतली असेल तर तेवढ्यापुरती मदत करमुक्त राहत नाही. एकाच नुकसानीचा लाभ दोनदा घेता येऊ नये, हे न्याय्यच आहे.

आपण जीएसटी नोंदणीकृत असाल तर आणखी एक गोष्ट विसरू नका. जळालेल्या, चोरीस गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर घेतलेला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावा लागतो. आगीच्या गडबडीत हे राहून जाते आणि वर्षभराने नोटीस आल्यावर व्याजासह भरावे लागते.

जाता जाता पुराव्यांविषयी, कारण हे आम्ही जवळून पाहिले आहे. २०१९ च्या पुरानंतर एका कारागिराच्या घरी गेलो, तेव्हा त्याने भिजलेली बिले दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली होती. कागद टिकला होता, पण शाई धुऊन गेली होती; प्रत्येक बिलावर फक्त छापील नाव वाचता येत होते, रक्कम नाही. पुढे आम्ही त्याच्या माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून खात्याचे उतारे मागवले, बँकेच्या नोंदींशी ताडून पाहिले आणि शिल्लक माल किती होता ते उभे केले. त्यात दोन महिने गेले. आज प्रत्येक बिलाचा मोबाइलवर फोटो काढून तो घराबाहेर कोठेतरी, मुलाकडे किंवा मेलवर, साठवला तर हे दोन महिने वाचतात. नुकसानीचे फोटो काढताना भिंतीवर उमटलेल्या गाळाच्या रेघेशेजारी टेप धरून काढावेत, म्हणजे पाणी किती फूट चढले होते हे फोटोच सांगतो. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला आणि महसूल कर्मचाऱ्यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रत घ्यावी, आणि पंचनाम्यात राहती जागा आणि कामाची जागा वेगवेगळी लिहून घ्यावी. ‘घर जळाले’ एवढीच नोंद झाली तर व्यवसायाची मागणी सिद्ध करताना त्रास होतो.

प्रश्न : कसबा बावडा येथील आमचे वडिलोपार्जित घर पुरात पूर्ण कोसळले. वडिलांनी ते १९९६ मध्ये बांधले होते. विमा कंपनीकडून इमारतीचे १४ लाख आणि सामानाचे २ लाख रुपये मिळाले. नुकसानीची भरपाई हे उत्पन्न नव्हे, तेव्हा कर लागणार नाही असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले होते की, मालमत्ता नष्ट होणे म्हणजे तिचे हस्तांतरण नव्हे, म्हणून विम्याच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. त्यानंतर संसदेने कायद्यात कलम ४५(१ए) घातले. पूर, वादळ, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक उत्पात, दंगल, अपघाती आग अथवा स्फोट, आणि शत्रूची कारवाई या कारणांनी भांडवली मालमत्तेचे नुकसान होऊन विमा कंपनीकडून भरपाई मिळाली, तर त्यातील नफा रक्कम मिळाल्याच्या वर्षाचा भांडवली नफा धरला जातो. नफा म्हणजे संपूर्ण रक्कम नव्हे. घर २००१ पूर्वीचे असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचे बांधकामाचे योग्य बाजारमूल्य ही मूळ किंमत म्हणून घेता येते. मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीपेक्षा) जास्त धरता येत नाही. समजा ते ४ लाख रुपये निघाले, तर १४ लाखांतून ते वजा होऊन १० लाख उरतात. इमारत २३ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने भारतात राहणाऱ्या व्यक्तीला निर्देशांकासह (म्हणजे मूळ किंमत महागाईनुसार वाढवून) २० टक्के आणि निर्देशांकाविना १२.५ टक्के असे दोन्ही हिशेब करून कमी येणारा कर भरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आत्ताच घ्या. पडलेल्या घराचे २००१ मधील मूल्य काढायला त्याला जुना नकाशा, घरफाळ्याचा उतारा आणि असतील तेवढे फोटो लागतात, आणि राडारोडा उचलल्यावर हे काम फार कठीण होते. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील सवलत विशेष दराने कर लागणाऱ्या या नफ्याला मिळत नाही, हेही लक्षात घ्या.

सामानाच्या दोन लाखांची चिंता नको. भांडी, कपडे, पलंग, टीव्ही, फ्रीज यांसारख्या स्वतःच्या वापरातील वस्तू भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतच येत नाहीत. दागिने मात्र येतात. भरपाईत दागिन्यांचा वाटा असेल तर तो वेगळा काढून त्याच्या भांडवली नफ्याचा हिशेब करावा.

पूर ओसरल्यावर शेजाऱ्यांनी, नातलगांनी दिलेल्या मदतीबद्दलही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे : पुण्यातील भावाने २ लाख, पेठेतील तालमीने ३५,००० आणि शाळेतील मित्रांनी गोळा करून ४०,००० रुपये दिले. भावाने दिलेली रक्कम कितीही असली तरी करमुक्त आहे, कारण भाऊ कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत येतो. मित्र आणि तालीम येत नाहीत. नातेवाईकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षभरात मिळालेली पैशांची मदत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाली तर संपूर्ण रक्कम करपात्र होते, केवळ वरची नव्हे. आपल्या बाबतीत दोन्ही मिळून ७५,००० रुपये होतात. परंतु तालीम आयकर कायद्याच्या कलम १२एबी खाली नोंदणी झालेला न्यास असेल तर तिची मदत या मोजणीतून बाहेर जाते, मित्रांचे ४०,००० रुपये मर्यादेच्या आत राहतात आणि काहीच करपात्र उरत नाही. म्हणून तालमीच्या पदाधिकाऱ्यांकडून नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी. धान्य, अंथरूण-पांघरूण, भांडी अशी वस्तुरूप मदत या हिशेबात येतच नाही.

प्रश्न : मी करवीर तालुक्यात राहतो. गळीत हंगामात उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली वळणावर कलंडून आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर आली. भिंत, लोखंडी गेट आणि पडवीचा खांब मोडला. ट्रॅक्टरमालक ओळखीचा आहे. तो ६०,००० रुपये देतो म्हणतो. ही रक्कम घेतली तर उत्पन्नात दाखवावी लागेल का, आणि उरलेला खर्च वजा होईल का?

उत्तर : उरलेला खर्च वजा होणार नाही, कारण घर राहते आहे, पहिल्या उत्तरातील कारण येथेही लागू आहे. मिळणारी रक्कम उत्पन्नात धरण्याची गरज नाही. कलम ४५(१ए) विमा कंपनीकडून आणि वर सांगितलेल्या चारच कारणांनी मिळालेल्या भरपाईला लागू होते. वाहनाची धडक त्या चारांत नाही. त्यामुळे मोडलेल्या भिंतीची भरपाई ही भांडवली स्वरूपाची जमा राहते, आणि त्यात कोणतेही हस्तांतरण नसल्याने १९९१ च्या निर्णयातील तत्त्व येथे आजही उपयोगी पडते. मात्र रक्कम रोखीने न घेता बँकेतून घ्या आणि साध्या कागदावर ‘अमुक तारखेच्या अपघातात मोडलेल्या भिंतीची, गेटची व खांबाची भरपाई’ असे लिहून दोघांच्या सह्या घ्या. तसे न केल्यास काही वर्षांनी खात्यातील ६०,००० रुपये कोठून आले या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसेल.

ओळखीमुळे आपण पोलिसांत खबर दिली नाही, असे पत्रावरून दिसते. खांब मोडला आहे म्हणजे पडवीचे छत आत्ता कशाच्या आधारावर उभे आहे, हे आधी गवंड्याकडून पाहून घ्या आणि तोवर खाली कोणाला बसू देऊ नका. दुरुस्तीचा अंदाज ६०,००० रुपयांपेक्षा बराच जास्त निघाला, तर ट्रॅक्टरमालकाला पदरचे पैसे घालायला लावण्यापेक्षा त्याच्या वाहनाच्या तृतीय पक्ष विम्यातून मागणी करणे दोघांच्याही हिताचे आहे. तो सक्तीचा विमा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठीही असतो. त्यासाठी पोलिसांतील नोंद व घटनास्थळाचा पंचनामा, ट्रॅक्टर आणि ट्रॉली या दोन्हींच्या विमा पॉलिसीची प्रत, आणि दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक लागेल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. आपला अपघात जानेवारीतील आहे, तेव्हा हाती असलेले दिवस मोजून या आठवड्यातच पोलीस ठाण्यात जावे, आणि भिंतीच्या पडलेल्या विटा तोवर जागच्या हलवू नयेत.